चौथ्या दिवशी उगवणारी धास्ती

आर्द्रा बरसल्या की खान्देशात मत्स्यबीजाची धावपळ सुरू होते. हतनूरच्या फुगवट्यात, गिरणा-वाघूरच्या जलाशयांत, गावोगावच्या पाझर तलावांत आणि आता शेततळ्यांतही कटला, रोहू, मृगळाचं बीज सुटायला लागतं. ऑक्सिजन भरलेली पिशवी पाण्यात उघडली की आतलं बीज तीन तऱ्हांनी वागतं. काही झटक्यात पांगतं. काही वर येऊन तोंड वासत फिरतं. आणि काही सरळ तळ गाठून बसतं. फक्त कल्ले हलताना दिसतात. पहिल्याला चपळ म्हणायचं, दुसऱ्याला ऑक्सिजन कमी पडला म्हणायचं, इथवर ठीक. तिसऱ्याकडे बघून मात्र ‘बीज शांत आहे’ असं म्हणून आपण मोकळे होतो. माझा आक्षेप तिथेच आहे. तळाशी थिजलेला मासा शांत नसतो. पळायचं की थिजायचं, घाबरायचं तर किती वेळ, हे ठरवणाऱ्या पेशी त्याच्या मेंदूत असतात. त्यांच्यातल्या बऱ्याचशा तर हे बीज जिऱ्याएवढंही नव्हतं तेव्हा, पहिल्या तीन-चार दिवसांत तयार झालेल्या असतात.

हे इतक्या बारकाईने कळलं ते रोहूमुळे नाही, तर त्याच्या कुळगोतातल्या एका बोटभरही नसलेल्या माशामुळे. झेब्रा मासा. जळगाव-धुळ्याच्या ॲक्वेरियमच्या दुकानांत निळ्या पट्ट्यांचे हे मासे ढिगाने असतात आणि कोणी त्यांच्याकडे फारसं बघत नाही. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन छापलं, त्यात हा आपलाच मासा पहिल्यांदा नोंदला गेला. पुढे अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावर आनुवंशिकीचं काम उभं केलं, १९८१ मध्ये त्यांचा गाजलेला निबंध आला आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत हा मासा पोहतो आहे. कारण साधं आहे. अंडं आईच्या पोटाबाहेर वाढतं आणि काचेसारखं पारदर्शक असतं. पाच दिवसांचं पिल्लू जेमतेम चार मिलिमीटरचं, त्याच्या मेंदूत साधारण लाखभर चेतापेशी, आणि पिल्लू जिवंत असताना त्यातली एकेक पेशी उजळताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. उंदराच्या बाबतीत हे सुख नाही.

आधी एक घोळ मिटवू. दचकणं वेगळं आणि धास्तावणं वेगळं.

टाकीच्या काचेवर टिचकी मारली की मासा इंग्रजी सी अक्षरासारखा वाकून उडतो. हे काम मुख्यतः मेंदूच्या मागच्या भागातल्या माउथनर नावाच्या दोन पेशींचं. डावीकडे एक, उजवीकडे एक. डावीकडून धक्का आला की डावी पेशी पेटते. तिचा तंतू ओलांडून उजवीकडे गेलेला असतो, त्यामुळे उजव्या अंगाचे स्नायू आकसतात आणि मासा धोक्यापासून लांब वळतो. सगळं काही मिलिसेकंदांत. या पेशी फलनानंतर सातव्या-आठव्या तासालाच जन्मतात, म्हणजे माशाच्या अगदी पहिल्या चेतापेशींपैकी. त्या नष्ट केल्या तरी मासा पळतो, फक्त थोडा उशिरा. दचकण्याची सोय निसर्गाने अशी घाईने आणि दुहेरी करून ठेवली आहे.

धास्तीचं तसं नाही. ती यंत्रणा सावकाश चालते आणि जुळायलाही वेळ घेते, कारण तिचे तीन भाग शरीरात तीन ठिकाणी वेगवेगळे घडतात आणि मग एकमेकांना जोडले जातात. पहिला भाग मेंदूच्या तळाच्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या टोकाला, दोन्ही डोळ्यांच्या चेता जिथे एकमेकींना ओलांडतात त्या फुलीच्या जरा वर. तिथल्या मोजक्या पेशी सीआरएच नावाचं रसायन सोडतात. दुसरा भाग मेंदूखाली लोंबणारी पियुषिका ग्रंथी. सीआरएच पोचलं की ती एसीटीएच नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. तिसरा भाग मूत्रपिंडाशी. माशाला आपल्यासारखी वेगळी अधिवृक्क ग्रंथी नसते. रोहू साफ करताना आतडी, पित्त, हवेची पिशवी निघाली की कण्याला चिकटून रक्ताच्या गुठळीसारखा गडद लाल पट्टा उरतो, तो आपण अंगठ्याच्या नखाने खरवडून टाकतो. त्याचा डोक्याकडचा, दोन फाकांत पसरलेला भाग म्हणजे शीर्षवृक्क. एसीटीएच पोचल्यावर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बनवणाऱ्या पेशी तिथे विखुरलेल्या असतात. आणि हे कॉर्टिसॉल अगदी माणसाच्या अंगात असतं तेच. उंदराचा मुख्य ताण-संप्रेरक वेगळा आहे; या बाबतीत आपण उंदरापेक्षा माशाला जवळचे.

पियुषिकेचं नाव खान्देशातल्या मत्स्यबीज केंद्रांना नवं नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पियुषिकेचा अर्क टोचून रोहू-मृगळ ज्या कुळात येतात त्या भारतीय कार्पचं प्रेरित प्रजनन, म्हणजे टोचून अंडी घालायला लावणं, यशस्वी केलं. आज आपल्या तळ्यांत जे बीज पडतं ते त्याच वाटेने आलेलं. हल्ली अर्काऐवजी तयार इंजेक्शन मिळतं. त्यात प्रजनन-संप्रेरकाचा कृत्रिम जुळा असतो आणि सोबत डॉम्पेरिडोन. उलटीवरचं हे औषध माशाला कशाला? कारण माशांमध्ये हायपोथॅलॅमसमधून पियुषिकेकडे रक्तवाहिन्यांची खास वाट नसते. चेतापेशींचे तंतूच थेट ग्रंथीत घुसतात. त्यातले डोपामिनचे तंतू प्रजननाला लगाम घालतात आणि डॉम्पेरिडोन तो लगाम सैल करतं. हे तंतू येतात ते मेंदूच्या त्याच पुढच्या टोकाच्या भागातून, जिथे सीआरएचच्या पेशी बसलेल्या असतात. अंडी घालणं आणि धास्ती यांची कार्यालयं एकाच गल्लीत असल्यावर, ओढाताण केलेली मादी इंजेक्शन घेऊनही अंडी का सोडत नाही, याचं अर्धं उत्तर मिळालंच.

आता या पेशी घडतात कशा. फलनानंतर साधारण दहा तासांनी चेतापट्ट, म्हणजे ज्यातून पुढे मेंदू घडतो तो पेशींचा पट्टा, तयार होतो, चोवीस तासांच्या आसपास हृदय धडधडायला लागतं. मेंदूच्या पोकळीच्या भिंतीला लागून विभागत राहणाऱ्या मूळ पेशींचा थर असतो. त्यातून पेशी बाहेर पडतात, विभाजन थांबवतात आणि आपण कोण व्हायचं ते ठरवतात. ते ठरवण्यात ओटीपी नावाच्या जनुकाचा मोठा हात आहे. हे जनुक स्वतः काही काम करत नाही, दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करतं. माशांच्या पूर्वजांत कधीकाळी सगळा जनुकसंच दुप्पट झाला, म्हणून झेब्रा माशाकडे याच्या दोन प्रती आहेत. त्यातली ए प्रत बिघडली की या भागातल्या संप्रेरक सोडणाऱ्या पेशी आणि डोपामिनच्या काही पेशी कमी पडतात. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या गटाने २०१२ मध्ये दाखवलेली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पेशी घडवून झाल्यावरही ओटीपी सुट्टीवर जात नाही. ताण आला की सीआरएचचं जनुक चालू करायला तेच लागतं, आणि ताण सरल्यावर ते बंद करण्याच्या व्यवस्थेतही त्याचाच हात असतो. घर बांधणारा गवंडीच पुढे घरातले दिवे लावायला-विझवायला राहिला, असं काहीसं.

दुसऱ्या दिवसात हे सगळे तुकडे आपापल्या जागी दिसू लागतात. हायपोथॅलॅमसमध्ये सीआरएचच्या पेशी, पियुषिकेत एसीटीएचच्या, आणि मूत्रपिंडाशी दोन बाजूंनी येऊन मध्ये मिसळणारे कॉर्टिसॉलवाल्या पेशींचे पुंजके. पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंड्यातून बाहेर पडतं. पण या वेळी पाणी ढवळून त्याला हैराण केलं तरी कॉर्टिसॉल वाढत नाही. तुकडे आहेत, जोडणी नाही. ढवळल्यावर कॉर्टिसॉल ठळकपणे उसळलेलं सापडतं ते सुमारे ९७ तासांनी, म्हणजे पाचवा दिवस नुकता लागताना. आपल्या बोलीत चार दिवस पुरे झाल्यावर.

मग त्याआधी अंड्यात कॉर्टिसॉल नसतंच का? असतं, पण ते आईचं. मादी अंड्याच्या बलकाबरोबर ते देते. गर्भ ते वापरत जातो, बाहेर पडेपर्यंत साठा उतरतो आणि मग स्वतःचं बनू लागतं. आईचं हे देणं नुसतं पडून राहत नाही. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात एकपेशी अवस्थेतल्या अंड्यात जादा कॉर्टिसॉल टोचून पाहिलं, तेव्हा मेंदूत नव्या चेतापेशींची पैदास वाढली आणि पिल्लं कडेला चिकटून राहण्याऐवजी मधल्या मोकळ्या पाण्यात जास्त वावरली. म्हणजे जास्त धीट निघाली! ‘आईला ताण म्हणजे पिल्लू भित्रं’ असं सरळ गणित मांडणाऱ्यांनी इथे थांबावं. मात्रा वाढली की हृदयाची घडण बिघडते, हेही त्याच प्रकारच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. धीट पिल्लू म्हणजे चांगलं पिल्लू असंही समजू नये. शत्रू असलेल्या तळ्यात मधल्या मोकळ्या पाण्यात हुंदडणारा आधी खाल्ला जातो.

थिजण्याचा धागा मेंदूच्या माथ्यावरच्या हॅबेन्युला नावाच्या दोन चिमुकल्या गाठींशी जातो. झेब्रा माशात या गाठी डावी-उजवी सारख्या नसतात. दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीला पॅरापिनिअल नावाचा पेशींचा छोटा पुंजका मध्यरेषेवरून डावीकडे सरकतो आणि त्याच्या सान्निध्यात डावी गाठ वेगळी घडते. गाठीचा बाहेरचा भाग ज्या पेशींचा असतो त्या आधी जन्मतात, आतल्या भागाच्या नंतर. डावीकडे आधीची तुकडी मोठी, उजवीकडे नंतरची. सगळा फरक मुख्यतः कोणी कधी जन्म घेतला यातून आलेला. लेसरने पॅरापिनिअल जाळलं तर डावी गाठ उजवीसारखी होते. आणि डावी बाजू दाखवणारा नोडल हा संकेतच काढून घेतला तर गाठी सारख्या होत नाहीत, असमानपणा टिकतो. पण तो कोणत्या बाजूला हे नाणेफेकीवर जातं, निम्म्यांत डावीकडे, निम्म्यांत उजवीकडे. वेगळेपण आणि बाजू या दोन स्वतंत्र सूचना आहेत, हे यावरून कळलं.

या गाठींचा वागण्याशी संबंध २०१० मध्ये जपान आणि सिंगापूर इथल्या दोन गटांनी वेगवेगळा दाखवला. दिवा लागला की हलकासा विजेचा झटका, असं काही वेळा केलं की सामान्य झेब्रा मासा दिवा पाहून पळायला शिकतो. हॅबेन्युलाच्या वरच्या भागातल्या ठरावीक पेशी गप्प केल्या की तोच मासा पळत नाही, थिजतो. त्याला धोका कळत नाही असं नाही, कळतो म्हणूनच तो थिजतो. अनुभवावरून थिजणं सोडून पळायला लागणं हे जे शिकणं आहे, तेवढं त्याला जमत नाही. तळाशी बसलेल्या बीजाकडे बघताना मला हा प्रयोग आठवतो. त्या बीजाची हॅबेन्युला बिघडलेली असते असा अर्थ काढू नका. दमलेला, घुसमटलेला मासाही तळ गाठतो. पण ‘शांत’ हा निष्कर्ष मात्र सगळ्यात शेवटी काढावा.

धास्ती सुरू होण्याइतकंच ती थांबणं गरजेचं. कॉर्टिसॉल फिरून मेंदूत जातं, तिथल्या ग्राहक-प्रथिनाला चिकटतं आणि ‘पुरे’ म्हणतं. हा ग्राहक बिघडलेल्या झेब्रा माशांवरचं काम २०१३ मध्ये आलं. त्यांच्या अंगात कॉर्टिसॉल चढलेलं राहतं. नव्या टाकीत सोडलं की ते थिजतात. सामान्य मासा रोज त्याच टाकीत टाकला तर सरावतो, हे मासे उलट दिवसेंदिवस जास्तच थिजतात. पाण्यात फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध मिसळलं की ते पुन्हा फिरू लागतात. आणि काचेपलीकडे दुसरा झेब्रा मासा नुसता दिसू दिला तरीही सुधारतात.

ज्यांना महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत हे प्रत्यक्ष करायचं आहे त्यांच्यासाठी खान्देशातली पहिली अडचण तापमान. वर दिलेले सगळे तास २८.५ अंश सेल्सिअसचे आहेत. पाणी गरम असलं की घड्याळ पळतं. हिशेब असा: २८.५ अंशांना लागणारे तास भागिले (०.०५५ गुणिले तापमान, वजा ०.५७). जूनमध्ये खोलीतलं पाणी ३१ अंशांवर असेल तर भाजक १.१३५ येतो, आणि ९७ तासांचा टप्पा साडेपंच्याऐंशी तासांवर येतो. २५ अंशांना तोच टप्पा १२० तासांवर जातो. म्हणजे एका बशीतली पिल्लं खिडकीशी आणि दुसरीतली एसीखाली ठेवली तर ‘चार दिवसांची’ म्हणून तुलना केलेली पिल्लं मुळात एका वयाची नसतात. हे सूत्र २५ ते ३३ अंशांच्या मधलं. त्यापुढे वेग वाढत नाही, व्यंगं वाढतात. आखाजीच्या आसपास, पारा चव्वेचाळीसच्या घरात असताना, वातानुकूलित पेटी नसेल तर हा प्रयोग न केलेलाच बरा.

संध्याकाळी नर-मादीमध्ये जाळीचा पडदा घालून ठेवायचा, सकाळी दिवा लागल्यावर काढायचा. अर्ध्या-एक तासात अंडी तळाच्या जाळीखाली पडतात. दिवा चौदा तास, अंधार दहा तास. एका बशीत पन्नासापर्यंत अंडी, आणि पांढरी पडलेली दिवसातून दोनदा उचलायची, नाहीतर बुरशी बाकीच्यांना धरते. पाचव्या दिवसापर्यंत बलक पुरतो, खाऊ घालायची गरज नाही. रंगद्रव्य दिसू नये म्हणून बरेच जण पाण्यात पीटीयू घालतात. ताणाच्या प्रयोगात ते टाळावं, कारण ते थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करतं. रंगहीन वाण मिळाला तर तो घ्यावा.

सगळ्यात जास्त आकडे बिघडतात ते कॉर्टिसॉल मोजताना. एका पिल्लात ते इतकं थोडं असतं की वीस-तीस पिल्लांचा एकत्र नमुना करावा लागतो. एकाच बशीतून आधी दहा, मग दहा अशी पिल्लं काढली तर दुसऱ्या दहांना पहिल्या पकडीचाच ताण बसलेला असतो, आणि ‘ताण न दिलेल्या’ गटाचं कॉर्टिसॉल चढलेलं निघतं. म्हणून प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र बशी. बशी उचलल्यापासून पिल्लं बर्फगार पाण्यात जाईपर्यंतचा वेळ प्रत्येक वेळी सारखा आणि शक्य तितका कमी ठेवायचा. ढवळल्यावर उसळी काही मिनिटांतच शिखराला जाते आणि तासाभरात ओसरते. त्यामुळे पाच मिनिटांची चूक ही इथे लहान चूक नव्हे.

आता पुन्हा तळ्याकाठी. रोहूचं अंडं २८ अंशांच्या आसपासच्या पाण्यात साधारण चौदा ते अठरा तासांत फुटतं आणि पुढे तीन दिवसांत बलक संपतो. म्हणजे केंद्रातून मत्स्यजिरे (अगदी कोवळं बीज) विकायला निघतात ते फलनानंतर सुमारे चार दिवसांनी. झेब्रा माशाचा ९७ तासांचा आकडा आणि हा मुहूर्त जवळजवळ येतात, हा योगायोग म्हणूनच घ्यावा. झेब्राचे तास रोहूला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण क्रम कार्पांमध्ये तोच आहे: आधी आईचं कॉर्टिसॉल, मग स्वतःचं, आणि पुढे धक्क्याला उसळी. आपण नेमकं या घडणीच्या काळात त्यांना चाळतो, मापाने मोजतो, पिशवीत भरतो आणि पिकअपमध्ये हादरवत नेतो.

वाहतुकीआधी बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या बीजाला, हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कप्प्यात) स्वच्छ पाण्यात ठेवून दिवसभर उपाशी ठेवण्याची जी पद्धत आहे, ती टाळू नये. पोट रिकामं असलं की पिशवीत विष्ठा आणि अमोनिया कमी. शिवाय गर्दीला थोडं सरावलेलं बीज पिशवीत कमी तडफडतं. पाण्यात लिटरला एक ते तीन ग्रॅम साधं मीठ घातलं तर कल्ल्यांतून होणारी क्षारांची गळती कमी होते, कारण घाबरलेल्या गोड्या पाण्यातल्या माशाचे क्षार कल्ल्यांतूनच पाझरतात. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. प्रवास रात्री किंवा पहाटे.

खरखरीत जाळ्याने खवलं उडाली की आणखी एक गोष्ट होते. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवलं की जखमी माशाच्या कातडीतून सुटणारा वास घेऊन त्याच जातीचे बाकीचे मासे बिथरतात. कार्प आणि मांगूर ज्या मोठ्या गटात येतात त्यात हा गुण सर्रास आहे. म्हणून एका खेपेचं पाणी दुसऱ्या खेपेला वापरू नये, आणि ज्या टबात मासे घासले गेले तो धुतल्याशिवाय पुन्हा भरू नये.

पिशवी तळ्यावर आणल्यावर न उघडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान जुळतं. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी पाळलं जातं. बंद पिशवीत माशांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याची आम्लता वाढलेली असते, आणि आम्ल पाण्यात अमोनिया बिनविषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू (पीएच) चढतो आणि तोच अमोनिया विषारी व्हायला लागतो. त्यामुळे तोंड सोडल्यावर मोजणी-फोटो करत बसायचं नाही. तळ्याचं पाणी लगेच ओंजळी-ओंजळीने आत मिसळायचं, दहा-पंधरा मिनिटांत पिशवी आडवी करायची आणि बीज आपणहून बाहेर पडू द्यायचं. तळ गाठून बसलेलं बीज तासाभरानंतरही तिथेच असेल, तर त्याच जागी पुढची पिशवी सोडू नये. आधी तळातल्या पाण्याचा ऑक्सिजन, सामू आणि तापमान तपासावं.